युंगफ्राऊला उद्या जायचंय आणि ढग आहेत, तातडीने मदत हवी आहे

मुळशीकर : स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनला आहोत. उद्या युंगफ्राऊयोख (डोंगरावरचं ते बर्फातलं रेल्वे स्टेशन) ठरलंय, पण हॉटेलवाला म्हणतो ढग राहतील, परवा जा. परवा दुपारी विमान आहे! तिकीट आत्ताच काढू की उद्या सकाळी? लवकर सांगा, बायको मागे लागली आहे.

फिरस्ता : किती जण? पास कुठला? स्विस ट्रॅव्हल पास असेल तर ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत फुकट, पुढे २५ टक्केच सूट. हाफ फेअर कार्ड असेल तर थेट वरपर्यंत निम्म्यात. काहीच सांगत नाही, आम्ही काय ज्योतिषी?

अनु_ठाणे : आत्ता काढू नका. उद्या उठल्या उठल्या वरचा वेबकॅम बघा. खाली धो धो पाऊस आणि ३४५४ मीटरवर लख्ख ऊन असं होतं, कधी नेमकं उलटं. कॅमेऱ्यात नुसता पांढरा पडदा दिसला तर पैसे वाचवा.

कोकणी_काका : युंगफ्राऊ महाग. टिटलिसच्या बर्फाच्या डोंगरावर जा. तिथला पाळणा (केबल कार) स्वतःभोवती फिरतो, चारी बाजू दिसतात. आम्ही तिथंच गेलो होतो.

फिरस्ता : काका, टिटलिस एंगेलबर्गहून. इंटरलाकेनहून ल्युसर्नकडून वळसा घालून जाणार का ते?

मीनल_स : शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, विसरू नका हं.

फिरस्ता : ताई, ते पोचलेत तिथे.

मुळशीकर : आम्ही तिघं. हाफ फेअर आहे. ग्रिंडेलवाल्डवरून तो नवा पाळणा घ्यायचा विचार होता, पण आई म्हणते लोंबकळत जाणार नाही.

फिरस्ता : हे आधी सांगायचं ना! मग लाउटरब्रुनेनवरून जा. वेंगेन, क्लायने शायडेग, तिथे गाडी बदलून वर. सगळी दातेरी रुळांची रेल्वे, पाळणा नाहीच. तुमचा तो नवा पाळणा, आयगर एक्सप्रेस, २०२० ला आली, १५ मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनला नेते. त्यामानाने इकडून वेळ जातो. पण खिडकीतून जे दिसतं ते मला तरी जास्त आवडलं.

अनु_ठाणे : आईंचं वय? बीपी, हृदयाचं काही?

मुळशीकर : ७१. मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. पण ठणठणीत आहे, रोज पर्वती चढते.

अनु_ठाणे : अहो, पर्वती कुठे आणि हे कुठे! वर प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. आधी डॉक्टरांना फोन लावा. तुमच्याकडे आत्ता साडेआठ असतील तर पुण्यात दुपारचे बारा झालेत, दवाखान्यात सापडतील. आम्ही गेलो तेव्हा पिशवीतलं चिवड्याचं पाकीट उशीसारखं टम्म फुगलं होतं, त्यावरून काय ते समजा. सासूबाई बर्फाच्या महालात कठडा धरून दहा पावलं चालल्या आणि म्हणाल्या, मला बसव.

कोकणी_काका : आमचे वडील ८० चे होते, टिटलिसवर फोटो काढून आले. काही होत नाही. उगाच घाबरवू नका लोकांना.

अनु_ठाणे : त्यांच्या हृदयात स्टेंट होता का, काका?

सह्यवेडा : मुळात उच्चार युंगफ्राऊ, हे बरं लिहिलंत. सहलवाले सर्रास जंगफ्राऊ म्हणतात, कान दुखतात.

फिरस्ता : डॉक्टर हो म्हणाले तरी वर पोचल्यावर पळू नका. आधी अर्धा तास बसा, पाणी प्या, मग लिफ्टने स्फिंक्सवर, म्हणजे देखावा बघायच्या गच्चीवर. गॉगल हवाच. सूर्य दिसला तर बर्फाकडे बघवत नाही. आणि नाही म्हणाले तर आईंना क्लायने शायडेगला थांबवा. २०६१ मीटर, समोर आयगरची भिंत.

मुळशीकर : फोन लागला. डॉक्टर म्हणाले वर नको, शायडेगपर्यंत चालेल. आई म्हणते मी तिथे बसते, तुम्ही जा. बायको म्हणते आईंना एकटं टाकून मी येणार नाही. आता मी एकट्याने जाऊ का?

कोकणी_काका : म्हणून म्हणत होतो, टिटलिस.

फिरस्ता : काका, तेही ३००० मीटरच्या वर आहे!