सशाच्या कानात खपल्या, मानेमागे कोंडा. कुत्र्याचं औषध चालेल का?

वाईची_आई
नमस्कार. आमच्याकडे दोन ससे आहेत, पांढरा बटाटा आणि करडी चिंगी. दोघंही दीड किलोच्या आसपास. गच्चीवर लाकडी खुराडं आहे, खाली गोणपाट घालते. पावसाळा सुरू झाल्यापासून बटाटा सारखा मागच्या पायाने कान खाजवतो, डोकं झटकतो. कान उलटून पाहिला तर आत पिवळट-तपकिरी खपल्यांचे थर. हात लावू देत नाही. चिंगीचे कान स्वच्छ आहेत, पण मानेमागे दोन खांद्यांच्या मधे जाड कोंडा धरलाय आणि केस पुंजक्याने निघतात. माझ्या मुलीच्या हातांवर, चिंगीला कवेत घेते नेमकं तिथेच, लाल पुरळ उठलंय. खाणंपिणं दोघांचंही व्यवस्थित आहे. शेजारी कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब द्यायला तयार आहेत. दुकानदार म्हणतो कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घाला. काय करू?

रानवाटा
आमच्या कुत्र्याचे गोचीड त्या थेंबांनी गेले. ससा लहान आहे, निम्मेच टाकून बघा.

कृष्णाकाठची_ससेवाली
रानवाटा दादा, मदतीसाठीच लिहिलंत, पण हे कृपा करून कुणाला सांगू नका. कुत्र्यांच्या त्या थेंबांत बऱ्याचदा फिप्रोनिल हे कीटकनाशक असतं आणि सशाला ते विषासारखं बाधतं. खाणं सुटतं, झटके येतात, जीवही जातो. निम्मं टाकल्याने धोका टळत नाही. परमेथ्रिन या कीटकनाशकाची पावडर आणि पिसवांचे गळपट्टे हेही सशापासून लांबच ठेवायचे.

ताई, तुमच्या वर्णनावरून दोघांना दोन वेगळे त्रास दिसतायत. बटाट्याच्या कानात कानाचे माइट, म्हणजे कातडीवर जगणारे अगदी बारीक जीव, असणार. ते तिथली कातडी कुरतडतात, त्यातून पाझरलेलं सुकतं आणि थरावर थर चढतो. आता सगळ्यात महत्त्वाचं: त्या खपल्या कापसाने, तेलाने, चिमट्याने, कशानेही काढू नका. खाली कातडी सोललेली असते, ओढलंत तर रक्त येतं आणि सशाला इतकं दुखतं की तो खाणंच सोडू शकतो. औषध लागू पडलं की खपल्या आपोआप गळतात. मी हे माझ्या सशांत पाहिलंय, आतून कोवळा गुलाबी कान निघतो.

चिंगीचा कोंडा म्हणजे बहुधा केसांतले माइट. काळ्या कापडावर तिला बसवून मानेमागचे केस हलक्या हाताने विंचरा आणि पडलेल्या कोंड्याकडे भिंगातून बघत राहा. त्यातले काही कण चालताना दिसले तर शंका उरत नाही. मुलीचं पुरळही त्यांचंच असू शकतं, हे माइट माणसाला चावतात.

तिसरा प्रकारही ध्यानात ठेवा, आपल्याकडे तो भरपूर दिसतो: खरूज. ती नाकाच्या शेंड्यावर, ओठांवर, नखांच्या मुळाशी पांढुरक्या खपल्या धरते. दोघांचेही पंजे उलटून एकदा बघा.

आंघोळ अजिबात नको. भिजलेला ससा लवकर वाळत नाही, अंगातली ऊब जाते. घाबरून जोरात लाथा मारल्या तर पाठीचा कणाही मोडू शकतो. कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल चोळलंत तर तो ते चाटून पोटात घेणार.

आणि एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. गोठ्यात गाईम्हशींसाठी आयव्हरमेक्टिन या परजीवी मारणाऱ्या औषधाची बाटली असते. "हेच औषध डॉक्टर देतात, मग घरीच टोचू" असं पुष्कळ जण करतात. औषध तेच, हे खरं. पण त्या बाटलीत एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असतं. सशाला किलोला ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे दीड किलोच्या बटाट्याला कमीत कमी मात्रेने ०.०३ मिलिलिटर, एका थेंबाहूनही कमी! गाईच्या सिरिंजने ते मोजताच येत नाही. हिशोब मुद्दाम मांडलाय, घरी टोचण्यासाठी नव्हे, हाताचा अंदाज किती फसवा आहे ते कळावं म्हणून. दोघांचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा, कागदावर लिहा आणि डॉक्टरांकडे घेऊन जा.

पशुवैद्य_सासवड
वरच्या उत्तराशी सहमत. थोडी भर घालतो.

कोंड्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती काचपट्टीवर लावली की सूक्ष्मदर्शकाखाली माइट सापडतात. ही तपासणी करून घ्याच, कारण गजकर्णातही केस जातात, कोंडा येतो आणि तोही माणसाला लागतो. त्याचे उपचार मात्र वेगळे. मुलीला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरात ससे आहेत हे त्यांना आवर्जून सांगा. केसांतले माइट माणसाच्या अंगावर वाढत नाहीत, ससा बरा झाला की पुरळही ओसरतं.

इंजेक्शन एकदा देऊन भागत नाही. अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून १० ते १४ दिवसांच्या अंतराने २-३ वेळा द्यावं लागतं. खाज थांबली की लोक दुसऱ्या वेळी येत नाहीत आणि मग आजार उलटतो. टोचायचं नसेल तर सेलामेक्टिनचे थेंब सशाला चालतात, वजनानुसार डॉक्टर ठरवतील.

गोणपाट आजच जाळून टाका. कानाचे माइट सशाच्या अंगाबाहेरही तीन आठवड्यांपर्यंत तग धरतात आणि खुराड्याच्या फटी त्यांना सोयीच्या. उकळतं पाणी ओता, कडक उन्हात वाळवा, उपचार संपेपर्यंत गोणपाटाऐवजी कागद घाला आणि तो रोज बदला. पावसाळ्यात शेपटीखालीही दिवसातून दोन वेळा बघत जा. तिथे ओल किंवा लेंडी चिकटलेली असेल तर माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या होतात. अळ्या दिसल्या किंवा सशाने १०-१२ तास काही खाल्लं नाही, तर सकाळची वाट बघू नका.

वाईची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दोघांना नेलं. चिकटपट्टीवर चिंगीचे माइट मलाही दाखवले, बटाट्याच्या कानातलेही सापडले. पंजे स्वच्छ निघाले. दोघांना पहिलं इंजेक्शन दिलंय, बटाट्याला दुखणं कमी व्हायचं औषधही आहे. एक विचारायचं राहिलं: दोघांना आता वेगळं ठेवू का?

कृष्णाकाठची_ससेवाली
नको. एकत्र राहत होते म्हणजे दोघांना लागण झालीच असं धरायचं, आणि औषधही दोघांना मिळालंय. जोडी तोडली तर खाणं कमी होतं, शिवाय परत एकत्र आणताना भांडतात. सुकं गवत भरपूर ठेवा आणि पुढच्या इंजेक्शनची तारीख कॅलेंडरवर लिहा.