चार महिने बंद राहणारी मोटारसायकल: हिवाळ्यापूर्वीची तयारी (म्युनिक)

इसारकाठ

नमस्कार. मी म्युनिकमध्ये राहतो. या वसंतात मी वापरलेली रॉयल एन्फील्ड इंटरसेप्टर ६५० घेतली. तिला मार्च ते ऑक्टोबर अशी मोसमी नंबरप्लेट आहे, त्यामुळे नोव्हेंबरच्या पहिल्या दिवसापासून फेब्रुवारी संपेपर्यंत ती रस्त्यावर आणता येणार नाही. इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये माझी भाड्याची जागा आहे, परंतु तेथे विजेचा प्लग नाही. शेजारच्या मोटारी चाकांना लागलेला बर्फ आणि रस्त्यावरचे मीठ घेऊन आत येतात, म्हणून खालची जमीन हिवाळाभर ओलसर असते.

साताऱ्याला माझे वडील गाडी बराच काळ वापरायची नसेल तर दर आठवड्याला ती सुरू करून पाच-दहा मिनिटे जागच्या जागी चालू ठेवतात, आणि मीही तसेच करावे असा त्यांचा आग्रह आहे. येथील मेकॅनिकचे म्हणणे अगदी उलट आहे: एकदा नीट तयारी करून ठेवली की मार्चपर्यंत इंजिन सुरू करू नये. यांपैकी योग्य काय, आणि का? पेट्रोलची टाकी भरून ठेवावी की रिकामी करावी, हेही कृपया सांगावे. जानेवारीत गाडीच्या दर दोन वर्षांनी होणाऱ्या तांत्रिक तपासणीची मुदतही संपते आहे.

नेकारतीर

आपल्या गाडीच्या बाबतीत मेकॅनिकचे म्हणणे बरोबर आहे. पण वडिलांच्या सवयीमागेही खरे कारण आहे, ते आधी सांगतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल एका छोट्या वाटीत साठलेले असते. गाडी उभी राहिली की ते हळूहळू उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर जेटची (पेट्रोल सोडणाऱ्या नळीची) बारीक छिद्रे बुजवतो. दर आठवड्याला इंजिन सुरू केले की त्या वाटीत ताजे पेट्रोल येत राहते. शिवाय साताऱ्याच्या कोरड्या, उबदार हवेत इंजिन लवकर तापते. आपल्या गाडीत फ्युएल इंजेक्शन आहे, तेथे पेट्रोल हवेला उघडे राहत नाही, त्यामुळे या सवयीचे मुख्य कारणच उरत नाही.

उरतो तो फक्त तोटा. एक लिटर पेट्रोल जळाले की वाफेच्या रूपात साधारण एक लिटरच पाणी तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण तापले तर ही वाफ बाहेर निघून जाते. थंड तळघरात दहा मिनिटे जागच्या जागी चालवलेल्या इंजिनात मात्र ती सायलेन्सरच्या आतल्या पत्र्यावर आणि इंजिन ऑइलमध्ये पाणी होऊन साचते. आठवड्याला एकदा याप्रमाणे चार महिने केले तर आपण आपल्या हाताने सायलेन्सरला आतून गंज लावतो. सेल मारताना बॅटरीतून जेवढे जाते, तेवढे इतक्या थोड्या वेळात मंद गतीवर चालणाऱ्या इंजिनाकडून परत भरून येत नाही. आणि बंदिस्त पार्किंगमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहेच. वर लोक राहत असलेल्या इमारतीत तर हे मुळीच करू नये. ज्यांना वर्षभराची नंबरप्लेट आहे त्यांनी कोरड्या दिवशी गाडी अर्धा तास बाहेर फिरवून आणणे वेगळे. आपल्याला तो मार्ग कायद्यानेच बंद आहे.

आता तयारीविषयी. माझ्या मते सारे शेवटच्या फेरीच्या क्रमावर अवलंबून आहे, म्हणून ऑक्टोबर संपण्याआधीचा एक कोरडा दिवस त्यासाठी राखून ठेवावा. प्रथम स्वतः धुण्याच्या केंद्रावर जाऊन गाडी स्वच्छ करावी, कारण येथे रस्त्यावर गाडी धुणे चालत नाही. प्रेशरच्या पाण्याची धार चाकांच्या बेअरिंगवर, चेनवर किंवा स्विचवर जवळून धरू नये. मग पेट्रोल पंपावर टाकी गळ्यापर्यंत न भरता, थोडी जागा सोडून भरावी. टाकी लोखंडी पत्र्याची आहे. ती अर्धी राहिली तर वरच्या मोकळ्या भागात ओलसर हवा शिरते आणि आतून गंज चढतो. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून ई-१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल) ऐवजी ई-५ (पाच टक्क्यांपर्यंत) वर्गातले सुपर किंवा सुपर प्लस पेट्रोल घ्यावे. स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ नये म्हणून टाकीत घालायचे द्रव्य) घालणार असाल तर तो पंपावरच घालावा, म्हणजे घरी येईपर्यंत इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. तेथून सरळ घरी न येता किमान अर्धा तास गाडी चालवावी, म्हणजे धुताना फटींत राहिलेले पाणी उडून जाते, ऑइल पातळ होते आणि चेनही गरम होते.

घरी आल्यावर गरम चेनला वंगण लावावे, कारण ते तेव्हाच कड्यांमध्ये नीट मुरते. ऑइल आणि फिल्टरची पाळी जवळ आली असेल तर ते काम वसंतासाठी ठेवू नये, गाडी आत ठेवण्यापूर्वीच करून घ्यावे. जुन्या ऑइलमधील आम्ल आणि ओलावा चार महिने बेअरिंगला लागून राहणे बरे नाही. क्रोम केलेल्या आणि उघड्या धातूच्या भागांवर मेणाच्या स्प्रेचा पातळ थर द्यावा. तो ब्रेकच्या डिस्कवर आणि टायरवर उडू नये म्हणून त्यांवर कापड टाकून ठेवावे.

गाडीला डबल स्टँड आहे, त्यामुळे मागचे चाक आपोआप उचलले जाते. स्पोकच्या चाकांत ट्यूब असतात आणि त्यांतील हवा हळूहळू कमी होते, म्हणून दोन्ही टायरमध्ये नेहमीपेक्षा ०.३ ते ०.५ बार जास्त हवा भरावी, आणि पुढचे चाक महिन्यातून एकदा हाताने थोडे फिरवावे. खाली जाड फळी किंवा जुन्या गालिच्याचा तुकडा टाकावा, म्हणजे मिठाचे पाणी थेट टायरला लागणार नाही.

जुनीजावा

वरील सर्व मान्य. भरलेल्या टाकीच्या नियमाला मात्र एक पुरवणी जोडतो, कारण येथे कार्ब्युरेटरच्या गाड्या बाळगणारेही वाचत असतील. अशा गाडीत टाकी भरावी, परंतु कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल तळाचा स्क्रू सैल करून काढून टाकावे. कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणे हा सोपा उपाय असला तरी त्याने वाटी पूर्ण रिकामी होत नाही, तळाशी थोडे राहतेच. टाकी प्लास्टिकची असेल तर गंजाचा प्रश्न उद्भवत नाही.

स्टॅबिलायझरविषयी माझे मत असे की इंजेक्शनची गाडी, भरलेली टाकी आणि चारच महिने असतील तर तो घातला नाही तरी चालते. सहा महिन्यांच्या पुढे मात्र मी तो टाळणार नाही.

इसारकाठ

दोघांचेही मनापासून आभार. वडिलांना कार्ब्युरेटरचे कारण कळवले, त्यांना ते पटले. बॅटरी काढून तिसऱ्या मजल्यावर घरी आणावी असा विचार आहे. ते सुरक्षित आहे का, आणि ती महिनोन्‌महिने चार्जरला लावून ठेवावी लागते का?

विद्युतवाहिनी

काढून आणणे हाच उत्तम मार्ग आहे. पूर्ण चार्ज असलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतील आम्ल म्युनिकच्या थंडीत गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत मात्र आम्लाचे पाणी होत जाते आणि ते शून्याखाली काही अंशांवरही गोठू शकते. त्याहूनही नेहमी घडणारे नुकसान म्हणजे अर्धवट उतरलेल्या स्थितीत पडून राहिल्याने प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसणे. तो एकदा बसला की चार्जर लावूनही मूळची क्षमता परत येत नाही.

काढताना निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडावे आणि बसवताना ते सर्वांत शेवटी जोडावे, म्हणजे पान्हा चुकून चेसिसला लागला तरी ठिणगी पडत नाही. घरी आणल्यावर मोटारसायकलसाठीच्या, आपोआप थांबणाऱ्या चार्जरने ती पूर्ण भरावी. त्यानंतर सतत जोडून ठेवण्याची आवश्यकता नाही. बाजूला ठेवून महिन्याला एकदा मल्टिमीटरने मोजावे: विश्रांतीच्या स्थितीत १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे ती भरलेली आहे, १२.५ च्या खाली गेली तर पुन्हा चार्ज करावी. मोटारगाडीचा जुना, जास्त अँपियरचा चार्जर लावू नये. चार्जिंग हवा खेळती असलेल्या जागी करावे, झोपण्याच्या खोलीत नको. एरवी ठेवायला थंड आणि कोरडी जागाच चांगली, हीटरजवळ ती लवकर उतरते. कोणी लिथियमची बॅटरी बसवली असेल तर तिला शून्याखालच्या तापमानात चार्ज करू नये आणि लिथियमसाठीचाच चार्जर वापरावा.

गुहागरकर

मी कोकणात असतो. बर्फाशी आमचा संबंध नाही, परंतु पावसाळ्यात जून ते सप्टेंबर गाडी पडवीत उभी असते तेव्हा ओलाव्याशी गाठ तीच असते, म्हणून एका गोष्टीवर भर देतो. गाडीवर घट्ट बसणारे प्लास्टिक कधीही टाकू नये. आत अडकलेला दमटपणा बाहेर पडत नाही. सीटवर बुरशी येते आणि नटबोल्ट उघड्या गाडीपेक्षाही लवकर गंजतात. जुनी सुती चादर किंवा हवा जाऊ देणारे कव्हर वापरावे, तेही इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. सायलेन्सर थंड झाले की दोन्ही सायलेन्सरच्या तोंडांत कापडाचे बोळे बसवावेत आणि त्यांची आठवण राहावी म्हणून किल्लीला लाल फीत बांधावी. बोळे तसेच ठेवून गाडी सुरू करणाऱ्यांना मी पाहिले आहे.

नेकारतीर

लाल फितीची सूचना उत्तम आहे. कागदपत्रांविषयी राहिले होते ते लिहितो. मोसमाबाहेर गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणेच नव्हे, नुसती उभी करणेही चालत नाही, म्हणून ती ३१ ऑक्टोबरला तळघरात असलीच पाहिजे. या काळात विम्याचे मर्यादित संरक्षण सुरू राहते. गाडी बंद गॅरेजात किंवा कुंपणाच्या आतील खासगी जागेत असणे ही त्याची नेहमीची अट असते. सर्वांसाठी खुल्या असलेल्या अंगणात ती ठेवणार असाल तर विमा कंपनीला आधी लेखी विचारावे.

जानेवारीत संपणाऱ्या तपासणीची काळजी नको. मुदत मोसमाबाहेर संपत असेल तर ती तपासणी पुढच्या मोसमाच्या पहिल्या महिन्यात, म्हणजे आपल्या बाबतीत मार्चमध्ये करून घ्यायची असते. त्या महिन्यात तपासणी केंद्रांवर गर्दी असते, म्हणून वेळ फेब्रुवारीतच घेऊन ठेवावी. ब्रेक ऑइलला दोन वर्षे झाली असतील तर ते तपासणीपूर्वी बदलावे. केंद्रापर्यंत जाताना वळणांवर जपून चालवावे. हिवाळ्यात टाकलेली बारीक खडी मार्चमध्ये अनेक रस्त्यांवर तशीच असते आणि थंड टायरची पकड कमी असते.