बुगडीच्या भोकावर केलॉइड झालंय, लेझर करावं का?

सांगलीची_आई
नमस्कार. लेक १९ वर्षांची आहे. गेल्या वैशाखात पुतण्याचं लग्न होतं, तेव्हा हौसेनं बुगडीसाठी तिचे दोन्ही कान वर टोचून घेतले. उजवा बरा झाला. डावा दोन-तीन महिने ओलसर राहिला आणि मग तिथे गाठ धरली. हेच केलॉइड, म्हणजे जखमेचा व्रण वाढत जाऊन होणारी गाठ. आधी तुरीच्या दाण्याएवढी होती, आता करवंदाएवढी झालीय. लालसर, टणक, रात्री खाजते. कॉलेजला जाताना केस पुढे घेऊनच जाते. एका लेझर क्लिनिकमध्ये दाखवलं तर पाच मिनिटांत "सहा सिटिंगमध्ये पूर्ण जाईल" म्हणाले, पैसे सगळे आधी भरायचे. नणंद म्हणते, कापून मोकळी हो. कुणी केलं आहे का लेझर?

माळरान
ताई, नुसती कापू नका. माझ्या भावाची कानामागची गाठ कापली होती. टाके सुकले, आम्ही निर्धास्त झालो आणि सात महिन्यांत ती पहिल्यापेक्षा मोठी होऊन परत आली.

पायरीआंबा
मी केलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. माझं केलॉइड छातीवर, अगदी मधोमध. बाविसाव्या वर्षी एक साधी पुळी आली होती, ती फोडली, एवढंच निमित्त. लग्नानंतर मंगळसूत्राच्या वाट्या नेमक्या त्यावर घासायच्या. खाजवून झोपमोड व्हायची, आणि चाळिशी आली तरी मी गळाबंद ब्लाउजच शिवत होते.

आधी गाठीत स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली, दर चार आठवड्यांनी. खरं सांगते, लेझरपेक्षा तीच जास्त दुखतात. गाठ इतकी कडक होती की औषध आत शिरता शिरत नव्हतं. मग डॉक्टरांनी पल्स्ड डाय लेझर जोडीला घेतलं. ते गाठीतल्या बारीक रक्तवाहिन्यांवर काम करतं. रबरबँड ताणून सोडल्यासारखा चटका बसतो आणि जागा आठ-दहा दिवस जांभळी राहते. पुढे फ्रॅक्शनल सीओटू नावाचं दुसरं लेझर केलं. त्यात कातडीला सुईच्या टोकाहून बारीक छिद्रं पडतात आणि त्यावर लगेच औषध सोडतात, म्हणजे ते खोलवर झिरपतं.

चौदा महिन्यांत आठ वेळा गेले. दर वेळी गाठीशेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढायचे. तिसऱ्या वेळेनंतर खाज थांबली. त्या रात्री मी सलग झोपले, ते अजून आठवतं. लाली गेली, गाठ मऊ झाली, उंची बरीच उतरली. पण डाग आहे, तो पुसला गेलेला नाही. म्हणून "पूर्ण जाईल" हे ऐकून मला तुमची काळजी वाटते.

दोन गोष्टी मला आधी कुणी सांगायला हव्या होत्या. इंजेक्शनांच्या काळात दोन महिने पाळी मागेपुढे झाली. डॉक्टर म्हणाले, या औषधानं असं होऊ शकतं. आणि एप्रिलच्या उन्हात गळा उघडा ठेवून फिरले तर लेझर केलेली जागा काळवंडली, निवळायला सहा महिने लागले. आपल्या सावळ्या कातडीला हा धोका जास्त. लेझरची ताकद बेतानं ठेवणारा डॉक्टरच हवा. मशीन कोणतं ते नाव विचारा. केस काढायचं लेझर आणि हे लेझर एक नव्हे.

त्वचा_ओपीडी
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. न तपासता निदान करत नाही, पण वरचं वर्णन बरोबर आहे. केलॉइडमध्ये लेझर एकट्यानं क्वचितच पुरतं, इंजेक्शनांसोबत त्याचा उपयोग होतो. कानाच्या गाठीसाठी आणखी एक वाट असते. मोठी गाठ शस्त्रक्रियेनं काढायची आणि लगेच पुढचे उपचार सुरू करायचे: इंजेक्शनं, दाब देणारी क्लिप, निवडक रुग्णांत रेडिएशन. नुसतं कापलं तर निम्म्याहून अधिक जणांत परत येतं, मग ते सुरीनं कापा की लेझरनं. बरं दिसल्यावरही वर्ष-दोन वर्षं दाखवत राहावं लागतं. आणि मुलीचं दुसरं काहीही टोचू नका.

पायरीआंबा
हो, नाकसुद्धा नाही! माझ्या भाचीला आम्ही लग्नात दाबाची नथ घातली, फोटोत कुणाला कळलंही नाही. लेकीला सांगा, केस बांधून मोकळेपणानं कॉलेजला जा. लपवण्यात माझी फार वर्षं गेली.

सांगलीची_आई
सगळ्यांचे आभार. पैसे भरले नाहीत. मिरजेला एमडी त्वचारोग असलेल्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली आहे. लेकीनं हा धागा स्वतः वाचला आणि आताच नाणं धरून पहिला फोटो काढला. उजव्या कानातली बुगडी काढून ठेवायची का, तेही त्यांनाच विचारते.