टॉकिंग हेड्सचा दुसरा अल्बम डोक्यात शिरत नाहीये, कसा ऐकू?

रात्रपाळी: मंडळी, टॉकिंग हेड्स या अमेरिकन रॉक बँडच्या नंतरच्या 'रिमेन इन लाइट' अल्बमची मी पारायणं केलीयेत, म्हणून आता मागे जाऊन १९७८ चा 'मोअर साँग्ज अबाउट बिल्डिंग्ज अँड फूड' लावला, पण दोनदा ऐकूनही हाताला काही लागेना, सगळी गाणी नुसती घाईत पळतात आणि गायक डेव्हिड बर्नचा आवाज सतत ताणलेला. एवढे लोक यावर जीव टाकतात म्हणजे माझंच काहीतरी निसटतंय. कुठून सुरू करू?

खर्ज: बर्नला थोडा वेळ विसर आणि टीना वेमथच्या बेसच्या मागे मागे जा. आणि हेडफोन लाव रे, फोनच्या स्पीकरवर बेस मरतो आणि या अल्बमचा जीवच तिथे आहे. पहिल्या अल्बममध्ये आवाज आणि गिटार पुढे होते, इथे ब्रायन ईनो पहिल्यांदा प्रोड्युसर म्हणून आला, बहामात नासाऊला रेकॉर्डिंग झालं, आणि बेस नि क्रिस फ्रान्ट्झचे ड्रम्स असे पुढे आले की बाकी सगळं त्यांच्यावर तोललेलं वाटतं. 'फाउंड अ जॉब' घे. शब्द संपतात तरी बँड तीच चाल घोळवत राहतो, थांबावंसंच वाटत नाही त्यांना. तुला आवडणाऱ्या 'रिमेन इन लाइट'चं बी मला तरी तिथेच दिसतं.

जुनी_कॅसेट: यातलं 'टेक मी टू द रिव्हर' मूळ सोल गायक अल ग्रीनचं, १९७४ चं. दोन्ही लागोपाठ ऐक. ग्रीनकडे ब्रास आहे, ऊब आहे, यांनी लय इतकी खाली आणलीये की प्रत्येक ठोक्याची वाट बघावी लागते. अमेरिकेत २६ नंबरपर्यंत गेलं होतं, यांचं टॉप थर्टीतलं पहिलं गाणं. घाईची तक्रार असेल तर इथूनच सुरू कर.

कव्हरवर बँडचा फोटो ५२९ पोलरॉइड तुकडे जोडून केलाय, तोही मोठा करून बघ.

खिडकीपाशी: मला सगळ्यात जवळचं शेवटचं 'द बिग कंट्री'. विमानातून खालची घरं, शेतं, मैदानं बघणारा माणूस, सगळं नीट वर्णन करतो आणि मग म्हणतो पैसे दिले तरी तिथे राहणार नाही. बरेच जण याला तुच्छता म्हणतात, मला नाही पटत, त्या स्लाइड गिटारमध्ये मला एकटेपणाच ऐकू येतो.

रात्रपाळी: काल हेडफोन लावून 'फाउंड अ जॉब' चारदा ऐकलं. खर्ज, बेस सापडला, आणि आता शेवटचा भाग डोक्यातून जातच नाहीये. आज अल ग्रीन.