स्कूटर खाली नेते, वर कोण आणणार?

खारा_वारा: मागच्या महिन्यात तांबड्या समुद्रावर, इजिप्तमधल्या दहाबला, फ्रीडायव्हिंगला, म्हणजे टाकीशिवाय नुसता श्वास रोखून बुड्या मारायला, गेलो होतो. सोबतच्या एकाकडे पाण्याखालची स्कूटर होती, म्हणजे हातात धरायचं, पंख्याने ओढत नेणारं यंत्र, तीच धरून पाहिली. स्वतःच्या फिन्सवर (पायातल्या वल्ह्यांवर) माझी मजल १६ मीटर. बघता बघता घड्याळाने २२ दाखवले, आणि तिथेच पंखा गप्प. बॅटरी खलास. एका हातात ते धूड, वर यायला नुसते पाय. आलो, पण शेवटचे पाच मीटर नीट आठवत नाहीत. माझं मत सरळ आहे: पायांनी जाऊन येता येतं त्यापलीकडे स्कूटरने जाऊच नये.

अधू_गुडघा: साफ अमान्य. पेट्रोल न बघता घाटात गेलात तर घाट वाईट का? पाय मारावे लागत नाहीत, मांड्यांचे स्नायू ऑक्सिजन कमी खातात, दम पुरतो. गुडघ्याच्या दुखण्यानंतर मी परत प्रवाळ बघते ती स्कूटरमुळेच, आणि १० मीटरच्या खाली जातही नाही.

खारा_वारा: दम पुरतोय असं वाटतं तिथेच घात आहे ताई. खाली दाबामुळे ऑक्सिजन पुरेसा भासतो. १० मीटरवरून वर येताना पाण्याचा एकूण दाब निम्मा होतो, फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही तसाच कोसळतो. शुद्ध हरपते ती वर, बोट दिसायला लागल्यावर.

दर्याचा_पोर: मी मालवणचा. दहाबचं पाणी काचेसारखं, आमच्याकडे कधी कधी चार हातांवरचं दिसत नाही. तुटलेलं नायलॉनचं जाळं पंख्यात गेलं की स्कूटर आणि मनगटाला बांधलेली दोरी, दोन्ही तुमच्या गळ्यात. दोरी झटक्यात सुटणारीच हवी.

नाक_दाबून: कानांचं कुणी बोलेना! स्कूटर समोर धरली की पुढे बघायला मान वर जाते, आणि मान वर गेली की कान मोकळे होत नाहीत. त्यात वेग. दुखलं की ट्रिगर सोडायचा, एवढं साधं. पण वेगाची मजा सोडवत नाही. दुसरं, बडीकडे, म्हणजे लक्ष ठेवणाऱ्या जोडीदाराकडे, स्कूटर नसेल तर तो तुमच्यापर्यंत पोहोचणार कसा?

अधू_गुडघा: बडीचं मान्य, एकटीने मीही जात नाही. पण दमणूक कमी होते हा फायदाच ना?

नाक_दाबून: फायदा आणि फास दोन्ही. प्रशांत महासागरातल्या तुआमोटु बेटांवरचे मोती काढणारे दिवसभर बुड्या मारत. त्यांना चक्कर येई, लकवा होई, काही दगावत. त्याला ते ‘तारावाना’ म्हणत. दमलेला माणूस आपोआप थांबतो, स्कूटरवाला थांबत नाही. बुडीला लागला त्याच्या निदान दुप्पट वेळ वर काढायचा, हे घड्याळाला सांगून ठेवा.

दर्याचा_पोर: खारा_वारा, एक विचारू? २२ मीटरवर ती सोडून का नाही दिलीत?

खारा_वारा: उसनी होती हो.