जुन्या चोपडीत 'गाठीचा ताप', 'वाखा', 'सन्निपात' लिहिलंय, सगळा प्लेगच का?

मळ्यातला_पाहुणा:
नमस्कार मंडळी. कागल तालुक्यातलं आमचं जुनं घर उतरवताना माळ्यावर पणजोबांची एक चोपडी सापडली, मोडीत आहे, कोल्हापुरात एक काका मोडी वाचतात त्यांच्याकडून चार पानं वाचून घेतली. शके १८२१, पौष. वर गुळाचा हिशोब, किती रवे कुणाला दिले वगैरे, आणि मधेच एकच ओळ, "घरात उंदीर पडले. मळ्यात गेलो." की लगेच परत गूळ सुरू. खाली तीन माणसं गेल्याची नोंद, एकाला 'गाठीचा ताप, तिसरे दिवशी', दुसऱ्याला 'वाखा', तिसऱ्याला नुसतं 'सन्निपात'. पुढं 'पोरांस देवी काढल्या'. आमचे चुलते म्हणतात सगळी प्लेगनंच गेली, मला तसं वाटत नाही. वंशावळीत लिहायचंय म्हणून विचारतोय. आणि देवी काढल्या म्हणजे मरीआईचं काय केलं का?

लॅबवाला_राजारामपुरी:
भावा, पहिला प्लेगच, त्यात डाऊट नको. उंदीर पडले म्हणजे मेले, आणि उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसावर येतात, जंतू पिसवेतनं येतो. हे १८९८ ला सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं, पण आपल्या लोकांना पिसू माहीत नव्हती तरी उंदीर पडला की घर सोडायचं एवढं पक्कं कळलं होतं. पिसू बहुतेक पायाला चावते म्हणून गाठ जांघेत येते, कधी काखेत, मानेला. तेच ग्रंथिक प्लेग. रक्तात पसरला तर वेगळा, फुफ्फुसात उतरला तर त्याला न्यूमोनिक म्हणतात, तो सगळ्यात वाईट, खोकल्यातनं माणसाकडनं माणसाला लागतो. आता स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सीसायक्लिन आहे, वेळेत दिलं तर माणूस वाचतो, तेव्हा काहीच नव्हतं.

वाखा मात्र प्लेग न्हवं. वाखा म्हणजे पटकी, कॉलरा. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, उलट्या, अंगातलं पाणी संपून माणूस दिवसात जातो. गाठ येत नाही.

आक्का_शिवाजीपेठ:
वाखा शब्द वाचून हसूच आलं, आमची आज्जी चिडली की "वाखा झाला तुला" म्हणायची आणि लगेच भाकरी पण वाढायची. "पटकी आली मेल्याला" हे तर रोजचंच. आम्हाला कुणाला अर्थ माहीत न्हवता, शिवी म्हणूनच ऐकलं.

देवीचं सांगते. देवी 'आल्या' म्हणजे रोग झाला, देवी 'काढल्या' म्हणजे लस टोचली. एका क्रियापदानं सगळं फिरतं बघा. माझ्या दंडावर अजून दोन वण हायत. मरीआईचा काही संबंध नाही, ती पटकीची. देवी म्हणजे आंगावर फोड, तोंडावर वण राहायचे. कांजिण्या वेगळ्या, गोवर वेगळा, घटसर्प तर घशाचा. सगळं एकत्र करू नका.

जुनी_कागदं:
सन्निपातावर थोडं. वैद्यकात तिन्ही दोष एकदम बिघडले की सन्निपात, म्हणजे जोराचा ताप आणि माणूस वातात बरळतोय अशी अवस्था. ते लक्षण आहे, एका रोगाचं नाव नाही. विषमज्वर असेल, म्हणजे टायफॉइड, हिवताप डोक्यात गेला असेल, प्लेग पण असेल. प्लेगला त्या काळच्या छापील मराठीत 'ग्रंथिक सन्निपात' म्हणायचे, पण तुमच्याकडं ग्रंथिक लिहिलेलं नाही, आणि पणजोबांनी वरच गाठीचा ताप वेगळा लिहिलाय, म्हणजे त्यांना फरक कळत होता. तिसऱ्याला गाठ असती तर लिहिली असती असं माझं मत. बिनगाठीचा प्लेग पण असतो हे वर आलंच आहे, म्हणून छातीठोक सांगू नये.

तारखेचं बघा, शकात ७८ मिळवायचे पण पौष जानेवारीत येतो म्हणून ७९, म्हणजे १९०० ची सुरुवात. प्लेग मुंबईत मांडवीला १८९६ ला निघाला, सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ ला गेल्या. शाहू महाराज १८९४ ला गादीवर आले आणि पाठोपाठ दुष्काळ आणि प्लेग दोन्ही अंगावर आले.

लॅबवाला_राजारामपुरी:
बरोबर, सन्निपात माझ्याकडनं राहिलाच होता.

मळ्यातला_पाहुणा:
लई उपकार झाले. पहिला प्लेग, दुसरा पटकी, तिसऱ्यापुढं सन्निपात हाच शब्द जसाच्या तसा ठेवणार. चुलत्यांना पटलं नाही, ते म्हणतात तू डॉक्टर हायस का. काकांनी काल आणखी एक पान वाचलं, फाल्गुनातलं. "घर सारवून घेतले. परत आलो." त्याच्याखाली गूळ ११ रवे.