व्हेरो पेशींत डेंग्यू वाढतो, पण इंटरफेरॉन-बीटा दिसत नाही

ट्रान्सहार्बर_वाशी
नमस्कार मंडळी. डेंग्यू-२ विषाणू, व्हेरो पेशी, एमओआय १ (दर पेशीमागे सरासरी एक संसर्गक्षम विषाणूकण), संसर्गानंतर २४ तासांनी आरएनए काढला. आरटी-क्यूपीसीआरमध्ये (आरएनए मोजण्याच्या चाचणीत) विषाणूचा आरएनए भरपूर आहे. इंटरफेरॉन-बीटाचा (पेशी विषाणूविरुद्ध सोडतात त्या प्रथिनाचा) सीटी, म्हणजे संकेत दिसायला लागलेली पीसीआर चक्रे, मात्र ३७-३८ (आकडा जितका मोठा तितका आरएनए कमी), आणि मॉकमध्येही, म्हणजे विषाणू न घातलेल्या तुलनेच्या पेशींत, तेवढाच. अ‍ॅक्टिन (पेशीत कायम चालू असणारे तुलनेचे जनुक) दोन्हीकडे १७-१८. प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) मानवी जनुकाचे आहेत. आता वेळ वाढवावा की एमओआय?

पेशीपालन_ठाणे
दोन्ही नको, आधी पेशी बदला. व्हेरो ही १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून काढलेली पेशीमालिका. तिच्या जनुकसंचात सुमारे ९० लाख बेस-जोड्यांचा तुकडा गळालेला आहे आणि त्यातच टाइप-१ इंटरफेरॉनची जनुके गेली, बीटा त्यातलेच. म्हणून तर बरेच विषाणू तिच्यात बिनधास्त वाढतात आणि प्लाक (विषाणूने पेशी मारून पेशींच्या थरात पडलेली भोके) मोजायला ती इतकी सोयीची ठरते. ७२ तास थांबलात तरी नसलेल्या जनुकाचा एमआरएनए येणार नाही.

इंटरफेरॉनचा रिसेप्टर मात्र तिच्यात शाबूत आहे. बाहेरून इंटरफेरॉन घातले तर व्हेरो प्रतिसाद देते. दुसऱ्या पेशींच्या माध्यमात (त्या वाढतात त्या पोषक द्रवात) इंटरफेरॉन आहे का, हे तपासायला ती म्हणूनच उत्तम, पण आधी त्या माध्यमातला विषाणू यूव्हीने निष्क्रिय करून घ्या.

३७-३८ वर येणारा सीटी हा बहुधा प्रायमर-डायमर (प्रायमर एकमेकांना चिकटून झालेला तुकडा) किंवा बाहेरून शिरलेला मानवी डीएनए. मेल्ट कर्व्ह (तयार झालेला तुकडा कोणत्या तापमानाला सुटतो तो आलेख) आणि नमुन्याऐवजी पाणी घातलेला कंट्रोल बघा, लगेच कळेल.

आरएनए_आणि_बर्फ
वरच्या प्रतिसादाशी सहमत. ए५४९ (मानवी फुप्फुसाच्या कर्करोगातली पेशीमालिका) घ्या, पण तिथे वेगळा सापळा आहे. इंटरफेरॉन-बीटाच्या जनुकात इंट्रॉन (एमआरएनए बनताना कापून टाकला जाणारा भाग) नाही, त्यामुळे प्रायमर कितीही चांगले असले तरी जीनोमिक डीएनए आणि सीडीएनए (आरएनएवरून बनवलेला डीएनए) यांत फरक करू शकत नाहीत. डीएनेजची (डीएनए तोडणाऱ्या विकराची) पायरी टाळू नका आणि प्रत्येक नमुन्याला रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएचा सीडीएनए करणारे विकर) न घातलेली एक नळी ठेवाच. त्या नळीतला सीटी खऱ्या नमुन्याच्या जवळ आला, तर ते आकडे फेकून द्या.

१२ वेल्सच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये आदल्या दिवशी प्रत्येक वेलला २ लाख पेशी. विषाणू २ टक्के सीरमच्या माध्यमात, ३७ अंशांवर एक तास, दर १५ मिनिटांनी प्लेट हलवायची, मग दोनदा धुवायचे. मॉकला नुसते ताजे माध्यम देऊ नका. विषाणूचा साठा ज्या पेशींत वाढवला, त्याच पेशींचे संसर्ग नसलेले माध्यम द्या, नाहीतर साठ्यातल्या इतर घटकांचा परिणाम विषाणूच्या नावावर जमा होतो. शिवाय एक वेल यूव्हीने निष्क्रिय केलेल्या विषाणूची, आणि एक वेल पॉली आय:सी (विषाणूच्या आरएनएसारखा कृत्रिम आरएनए) पेशींत शिरवण्याची, म्हणजे ट्रान्सफेक्शनची, १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, ६ तास. या शेवटच्या वेलमध्येही इंटरफेरॉन-बीटा वर गेले नाही, तर दोष विषाणूचा नाही, पेशींचा किंवा प्रायमरचा आहे.

एमओआय १ म्हणजे सगळ्या पेशींना संसर्ग, हा समज फार पसरलेला आहे. पॉइसॉन गणिताने ३७ टक्के पेशी कोऱ्या राहतात. एमओआय ३ ला सुमारे ५ टक्के, ५ ला १ टक्क्याहून कमी. त्यातही टायटर (साठ्यातल्या संसर्गक्षम विषाणूंचे प्रमाण) व्हेरोवर मोजलेले असेल तर ए५४९ वर तो आकडा लागू नाही. ४जी२ प्रतिपिंडाने (डेंग्यूच्या आवरणप्रथिनाला चिकटणाऱ्या) इम्युनोफ्लुरोसन्स करून, म्हणजे संसर्गित पेशी चमकवून, प्रत्यक्ष किती टक्के पेशी संसर्गित आहेत ते मोजा. नमुने ६, १२, २४, ३६, ४८ तासांचे घ्या. एकाच वेळेच्या नमुन्यावर निष्कर्ष काढायचा नाही.

स्टॅट_दोन
एक भर. ए५४९ मध्ये इंटरफेरॉन-बीटा वाढेल, पण आयएफआयटी१, एमएक्स१ ही इंटरफेरॉनमुळे चालू होणारी जनुके अपेक्षेपेक्षा कमी दिसली तर प्रयोग चुकला असे समजू नका. डेंग्यूचे एनएस५ प्रथिन मानवी स्टॅट२ ला (इंटरफेरॉनचा निरोप केंद्रकात नेणाऱ्या प्रथिनाला) प्रोटिअसोमकडे, म्हणजे पेशीतल्या प्रथिने तोडणाऱ्या यंत्रणेकडे, पाठवून नष्ट करते, त्यामुळे संसर्गित पेशीला इंटरफेरॉनचा निरोप पुढे नेता येत नाही. शेजारच्या कोऱ्या पेशी मात्र तो निरोप ऐकून ही जनुके चालू करतात. सगळ्यांचा आरएनए एकत्र काढलात की या दोन गोष्टींची सरासरी हाती येते, आणि ती दोन्हींपैकी कोणाचीच खरी स्थिती सांगत नाही. स्टॅट२ चा वेस्टर्न (प्रथिन किती उरले ते दाखवणारी चाचणी) कराच, आणि जमल्यास ४जी२ ने रंगवून पेशी फ्लोवर (एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रावर) वेगळ्या मोजा.

मायकोप्लाझ्माची (पेशीसंवर्धनात लपून वाढणाऱ्या जिवाणूची) पीसीआर चाचणीही आधी उरका. तो असेल तर मॉकच मुळात चेतवलेला असतो.

ट्रान्सहार्बर_वाशी
मॉकचा मुद्दा अगदी लागला, आमचा मॉक ताज्या माध्यमाचाच होता. शेवटचा प्रश्न: क्यूपीसीआर ठाण्याला होणार आहे. आरएनए बर्फात नेला तर चालेल?

आरएनए_आणि_बर्फ
आरएनए नेऊच नका. वाशीतच सीडीएनए बनवा, तो बर्फावर आरामात जातो. आरएनएच न्यायचा असेल तर ड्राय आइस, थर्मोकोलचा डबा, आणि झाकण हवाबंद करायचे नाही, कारण वायू साठून डबा फुटतो. गर्दीच्या लोकलमध्ये तो डबा नेऊ नका, गाडीने जा आणि काच थोडी उघडी ठेवा.